महाभियोगाची कुळकथा

महाभियोगाचा जन्म झाला तो राजाला हात लावता येत नव्हता म्हणून. १३७६ साली तिसऱ्या एडवर्डच्या दरबाराला फ्रान्सशी चाललेल्या युद्धासाठी पैसा हवा होता. इंग्लंडच्या कॉमन्स सभेने आधी हिशेब मागितला. सभेच्या वतीने पीटर द ला मेअर याने राजाचा विश्वासू विल्यम लॅटिमर आणि लंडनचा व्यापारी रिचर्ड लायन्स यांच्यावर सरकारी पैसा लाटल्याचे आरोप ठेवले. आरोप कॉमन्सने करायचा, निवाडा लॉर्ड्सनी द्यायचा, ही रीत तिथून पडली. राजा मात्र तिच्या कक्षेबाहेरच राहिला.

अमेरिकेने ही रीत थेट राष्ट्रप्रमुखाला लावली. ८ सप्टेंबर १७८७ रोजी फिलाडेल्फियाच्या घटना परिषदेत जॉर्ज मेसन म्हणाले, केवळ देशद्रोह आणि लाचखोरी एवढीच कारणे पुरणार नाहीत. त्यांनी दाखला दिला वॉरन हेस्टिंग्जचा. बंगालच्या या माजी गव्हर्नर जनरलवर त्याच सुमारास ब्रिटिश संसदेत महाभियोग चालवला जात होता आणि त्याच्यावरचे आरोप देशद्रोहाचे नव्हते. मेसन यांनी ‘गैरकारभार’ हे कारण सुचवले. जेम्स मॅडिसन यांनी हरकत घेतली: इतक्या मोघम शब्दाने अध्यक्ष सिनेटच्या मर्जीचा ताबेदार होईल. मग ‘गंभीर गुन्हे व दुर्वर्तन’ हे शब्द बहुमताने मान्य झाले. प्रतिनिधिगृहाने साध्या बहुमताने आरोप ठेवायचे, सिनेटने दोन तृतीयांश मतांनी दोषी ठरवायचे. शिक्षा पदच्युतीची आणि पुढे पदबंदीची, त्यापलीकडे नाही.

१८६८ मध्ये युद्धमंत्री स्टँटन यांना हटवल्यावरून अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांच्यावर खटला उभा राहिला. ३५ मते विरुद्ध, १९ बाजूने. हवी होती ३६. विरोधी रिपब्लिकन पक्षाच्या सात सिनेटरांनी पक्षाचा आग्रह झुगारला आणि जॉन्सन एका मताने वाचले. १९७४ मध्ये उलट घडले. स्वपक्षाचेच नेते पाठिंबा उरला नसल्याचे सांगायला आले आणि अध्यक्ष निक्सन यांनी मतदानाआधीच राजीनामा दिला.

आपल्या राज्यघटनेच्या कलम ६१ ने राष्ट्रपतींसाठी हीच दोन सभागृहांची विभागणी घेतली. कारण एकच ठेवले, घटनेचा भंग; आणि दोन्ही सभागृहांत एकूण सदस्यसंख्येच्या दोन तृतीयांश बहुमताची अट घातली.

अमेरिकेत आजवर एकाही अध्यक्षाला सिनेटने दोषी ठरवलेले नाही. म्हणून हा उपाय निरुपयोगी ठरत नाही. दोन तृतीयांशांची अट सूडबुद्धीला आवरते, पण न्याय मात्र सदस्याने पक्षाआधी घटनेला मान दिला तरच होतो.