इंजिन व चॅसिस यांचा संयुक्त विकास (मोटारशर्यत)

शर्यतीच्या वाहनाचे इंजिन आणि त्याला पेलणारी चौकट, म्हणजे चॅसिस, यांचे आराखडे निरनिराळे न करता परस्परांच्या मर्यादा सांभाळून एकत्र करण्याची पद्धती. प्रवासी गाड्यांच्या कारखानदारीत ही निकड इतकी तीव्र नसते. महिंद्रा कंपनीची इंजिने नाशिक जिल्ह्यात इगतपुरीला बनतात, गाड्यांची जुळणी नाशिकच्या सातपूर भागात होते आणि एकच इंजिन थोड्याफार फेरफाराने अनेक गाड्यांना चालते. शर्यतीत मात्र इंजिनाचे वजन कोठे पडते यावर वळणावरची पकड ठरते. १९६७ च्या लोटस ४९ मोटारीत कॉसवर्थ डीएफव्ही इंजिन हाच सांगाड्याचा मागील भार सोसणारा भाग होता, मागचे सस्पेन्शन त्यालाच जोडलेले होते आणि त्या मोटारीने झान्डफोर्ट येथील पहिलीच शर्यत जिंकली.

महिंद्रा रेसिंगचा मोटारसायकल शर्यतींतील प्रवास या दृष्टीने उद्बोधक आहे. २०१२ मध्ये १२५ सीसी गटाच्या जागी २५० सीसी, एकसिलिंडरी, चार-स्ट्रोक इंजिनांचा मोटो-३ गट आला. त्यासाठी होंडाने आपल्या गाडीचे सिलिंडर मागे कलते ठेवून हवा पुढून आत व धूर मागून बाहेर अशी उलटी रचना केली. वजन मध्याशी गोळा करणे हा तिचा हेतू, म्हणजे चौकटीच्या गरजेनुसार इंजिन घडवले गेले. महिंद्राने त्या वर्षी इटलीतील ओरल इंजिनिअरिंगचे इंजिन वापरले, परंतु पदरात फारसे पडले नाही. पुढच्या वर्षी स्वित्झर्लंडच्या सूटर कंपनीकडे इंजिन व चौकट दोन्ही सोपवून एमजीपी३ओ ही गाडी तयार झाली आणि त्याच हंगामात सेपांग येथे मिगेल ऑलिव्हेरा तिसरा आला. सुधारणेचे सारे श्रेय एकत्रित आराखड्याला देणे धाडसाचे ठरेल, कारण चालकही बदलले होते. तरी दोष इंजिनाचा की चौकटीचा हा वाद एकाच छताखाली लवकर मिटतो, हे खरे. २०१६ मध्ये फ्रान्चेस्को बान्याया याने असेन येथे महिंद्राला पहिला विजय मिळवून दिला. २०१७ नंतर कंपनी या गटातून बाहेर पडली.

फॉर्म्युला-ई या विद्युत मोटारींच्या स्पर्धेत, जिच्यात महिंद्रा २०१४ पासून आहे, चॅसिस सर्वांना सारखीच मिळते. संघांना दुसऱ्या हंगामापासून मोटर, इन्व्हर्टर व गिअरबॉक्स यांवर काम करण्याची मुभा मिळाली. त्यामुळे संयुक्त विकासाची दिशा तेथे उलटी आहे, कारण ठरलेल्या चौकटीतल्या रिकाम्या जागेत सर्व यंत्रणा बसवावी लागते.