सॅक्सोफोन, राग आणि मुंबईचा जॅझ : एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

अडॉल्फ सॅक्स या बेल्जियन कारागिराने १८४६ मध्ये सॅक्सोफोनचे पेटंट घेतले. चाव्यांमुळे या वाद्याचे स्वर ठरावीक जागी बांधलेले असतात. रागसंगीत मात्र मींड व गमक यांवर उभे असते. तरीही हे वाद्य रागाकडे कसे वळले, या प्रश्नाला 'पूर्व-पश्चिम संगम' असे ढोबळ उत्तर दिले जाते. प्रस्तुत लेखात वादकांचे शिक्षण व उपजीविका यांच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

चर्चची शाळा

पोर्तुगीजकालीन गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलेखनाचे शिक्षण मिळे. या स्वरसाक्षरतेच्या बळावर गोमंतकीय वादक मुंबईत स्थिरावले. १९३५ मध्ये ताजमहाल हॉटेलात लिऑन ॲबी यांचा आफ्रिकी-अमेरिकी वाद्यवृंद आला आणि येथील वादकांना जॅझ जवळून ऐकता आला. रात्री हॉटेल आणि दिवसा चित्रपटांचे ध्वनिमुद्रण, असा अनेकांचा दिनक्रम होता. स्टुडिओत हिंदुस्थानी चालींशी रोजचा संबंध येई. याच वर्गातील अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये राग व पाश्चात्त्य वाद्यवृंद यांची सांगड घालणाऱ्या रचना सादर केल्या. पुढे गोमंतकीय सॅक्सोफोनवादक ब्राझ गोन्साल्विस यांच्या सात जणांच्या संचाची 'रागा रॉक' ही ध्वनिमुद्रिका १९७० मध्ये आली.

देवळाचा नागस्वरम

दुसरी वाट दक्षिण कर्नाटकातून येते. कद्री गोपालनाथ यांचे वडील नागस्वरम वादक होते. म्हैसूरच्या राजवाड्यातील बँडमध्ये ऐकलेला सॅक्सोफोन गोपालनाथ यांनी कर्नाटक संगीतासाठी स्वीकारला. ओठांचा दाब, श्वासावरील नियंत्रण आणि वाद्यातील काही बदल यांतून त्यांनी गमक साधली. चावीने नाकारलेले श्वासाने मिळविले.

मुंबईतील भेट

निरंजन झवेरी यांच्या पुढाकाराने १९७८ मध्ये मुंबईत 'जॅझ यात्रा' महोत्सव सुरू झाला. १९८० च्या महोत्सवात गोपालनाथ यांचे वादन ऐकून अमेरिकी सॅक्सोफोनवादक जॉन हँडी यांनी त्यांच्यासोबत मंचावर वाजविण्याची इच्छा व्यक्त केली. अमेरिकेत वाढलेले रुद्रेश महंथप्पा यांनी २००८ मध्ये गोपालनाथ यांच्यासह 'किन्समेन', म्हणजे भाऊबंद, हा अल्बम प्रसिद्ध केला. त्यात दोन आल्टो सॅक्सोफोन, व्हायोलिन, मृदंगम, गिटार, बास व ड्रम एवढीच वाद्ये आहेत. त्यामुळे एकाच वाद्याची दोन वळणे स्पष्ट ऐकू येतात.

निष्कर्ष

राग सॅक्सोफोनवर आला तो केवळ महोत्सवांच्या मंचावरून नव्हे. चर्चमधील स्वरलेखन, देवळातील वंशपरंपरा आणि स्टुडिओतील रोजंदारी यांनी त्याची पूर्वतयारी केली होती. मात्र चित्रपटगीतांच्या तबकड्यांवर संगीतकार व गायक यांची नावे राहिली, वादकांची बहुधा राहिली नाहीत. हा प्रश्न महानगरापुरता मर्यादित नाही. जिवतीच्या डोंगराळ भागात गोंड कुळांची गाथा किंगरीवर गाणाऱ्या परधान समाजाची कलाही यजमानांच्या आश्रयावर टिकली. म्हणून संगीताच्या इतिहासलेखनात रचनेबरोबरच वाजविणाऱ्याचे शिक्षण, मेहनताना व नाव यांचीही नोंद होणे अगत्याचे आहे.