मानशीच्या दारात

साल १५००. फिरंगी यायला अजून दहा वर्षे आहेत. तुम्ही गोव्यातल्या दिवाडी बेटावर, मांडवीकाठच्या बांधावर उभे आहात आणि वैशाखी पौर्णिमेचे उधाण चढते आहे. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला खाजन, म्हणजे खाऱ्या पाण्यापासून बांध घालून राखलेले शेत, आणि नदीचे पाणी शेताहून वर! मधे आहे तो चिखल, पेंढा आणि दगडांचा हा बांध. बाहेर चिपी आणि तिवरांची रांग लाटेचा जोर मोडते, म्हणून तिला कोणी कोयता लावत नाही.

"पाहुणे, उभे काय राहिलात? चिखल द्या इकडे!" खेकड्याने पोखरलेल्या बिळात हात घालून गावकार ओरडतात. बीळ आज बुजले नाही, तर उद्या तिथूनच खांड पडेल.

आता मानशीपाशी, बांधातल्या पाणदारापाशी, या. जांभ्या दगडाच्या वाटेत लाकडी दार टांगले आहे. भरतीचे पाणी ते बाहेरून दाबून बंद करते. ओहोटी लागली की आतले साचलेले पाणी तेच दार उघडून नदीत जाते. दार लोटायला कोणी लागत नाही. ज्याने ते पहिल्यांदा टांगले, त्याला चंद्र आणि पाणी दोन्ही कळत होते.

आषाढात या. शेतातली माती ढिगाऱ्यांनी रचलेली दिसेल. पावसाने त्यातले मीठ धुऊन नेले, की वर बी रुजते. हा खारेपण सोसणारा भात. आज त्याच्या एका वाणाला कोरगुट म्हणतात. कापणी झाली की मानस मुद्दाम उघडतात. खाऱ्या पाण्याने तण मरते, आणि त्याच पाण्याबरोबर शेवटे, कोळंबी, काळुंदर आत येतात. शेत काही महिने मासळीचे होते.

दार कधी उघडायचे हे गावकरी, म्हणजे गावकारांची सामाईक संस्था, ठरवते, कारण जमीन सगळ्यांची. उत्पन्नातून आधी गावाचा खर्च, मग गावकारांची जोण, म्हणजे वाटणीचा हिस्सा. मला या साऱ्यात हा क्रम सर्वांत मोलाचा वाटतो. ही रीत तेव्हाही जुनीच होती: सहाव्या शतकाच्या सुमाराच्या बांदोड्याच्या ताम्रपटात खाजन जमिनीचे दान आणि समुद्राचे पाणी अडवणारा बांध यांचा उल्लेख आहे.

पुढे सरका. १५२६ मध्ये फिरंगी अधिकारी अफोंसु मेशिया गावकरीच्या चालीरीती कागदावर उतरवतो. १९६४ चा कूळ कायदा कसणाऱ्याला न्याय देतो; ते व्हायलाच हवे होते. पण बांधाची जबाबदारी कूळ संघटनांकडे जाते आणि बऱ्याच ठिकाणी ती पेलली जात नाही. मासळीचा ठेका घेतलेला कोणी भाताच्या दिवसांतही मानस उघडी ठेवतो. खारे पाणी मुळाशी बसते, शेत पडीक राहते आणि कालच्या भाताच्या जागी आता तिवर वाढते. बांधाबाहेर राखण करणारे झाड आत शिरले की शेत गेलेच समजा.

तरी काही गावांत पावसाआधी अजून बांध भरतात. तिथे जा. आणि कोणी "चिखल द्या" म्हणाले, तर द्या.