भातुकली : मातीच्या भाकरीचा इतिहास

१/ तीन खड्यांची चूल, करवंटीत कालवलेली माती, तळहातावर थापलेल्या चिखलाच्या भाकऱ्या आणि वर तोडून आणलेल्या पाल्याची भाजी. सोलापूरकडच्या खेड्यापाड्यांत वाढलेल्या कोणालाही हा स्वयंपाक नवा नाही. या खेळाला आपण 'भातुकली' म्हणतो. या साध्या शब्दाच्या अर्थांचा हा धागा.

२/ शब्दात भात, ताटात मात्र भाकरी! संस्कृत 'भक्त' म्हणजे शिजवलेले अन्न; त्यापासून 'भात' आला. सोलापूर हा ज्वारीचा मुलूख. येथे भात बहुधा सणासुदीलाच शिजे. मग रोज भाकरी थापणाऱ्या घरांतील मुलींच्या खेळाला हे नाव कसे लाभले?

३/ उत्तर जुन्या मराठीत सापडते. 'भातुकें' म्हणजे लेकरांना द्यायचा खाऊ. माहेराहून लेकीला येणारी गोड भेटही. 'भातुकली' याच कुळातला शब्द. तुकोबांच्या अभंगांतही 'भातुकें' भेटते. वारकऱ्यांचे माहेर पंढरी. तेव्हा मायबाप विठ्ठलाकडून येणारा खाऊ म्हणजे भातुकेंच.

४/ म्हणजे या शब्दाच्या पोटात अन्नाइतकीच माया आहे. खेळात मात्र सासर उतरते. मुली चूल मांडतात, पाहुण्यांना वाढतात, बाहुला-बाहुलीचे लग्न लावतात, विहिणीचे रुसवे काढतात. खेळता खेळता संसाराचे शिक्षण होते.

५/ एकोणिसाव्या शतकात हे शिक्षण फार लवकर संपे. रमाबाई रानडे यांचा विवाह १८७३ मध्ये वयाच्या ११व्या वर्षी झाला. आनंदीबाई जोशी यांचा १८७४ मध्ये, अवघ्या ९व्या वर्षी. कालपर्यंत मातीच्या चुलीशी बसणारी मुलगी आज सासरच्या खऱ्या चुलीपुढे बसे. खेळ आणि संसार यांत उंबरठ्याएवढेच अंतर उरले होते.

६/ नवरा दगावला, तर तीच मुलगी बालविधवा ठरे. विधवाविवाहाला १८५६ मध्ये कायद्याची मान्यता मिळाली होती, समाजाची नव्हे. महात्मा फुल्यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. पुढे १८७५ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, पंढरपुरात, प्रार्थना समाजाचे लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने असेच गृह व अनाथाश्रम उभा राहिला. ज्या क्षेत्राला संतांनी माहेर म्हटले, तेथे माहेर-सासर दोन्ही तुटलेल्या स्त्रियांना आणि त्यांच्या लेकरांना आसरा मिळाला.

७/ कायदा मागाहून, सावकाश आला. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने मुलींची मर्यादा १० वरून १२ वर्षे केली. त्यावर महाराष्ट्रात केवढे रण माजले! १९२९ च्या सारडा कायद्याने मुलींसाठी विवाहाचे किमान वय १४, मुलांसाठी १८ ठरवले.

८/ आता शब्दाचा आजचा अर्थ पाहा. "संसार म्हणजे काय भातुकली वाटली?" असे आपण सहज म्हणतो. येथे भातुकली म्हणजे पोरखेळ, जबाबदारी नसलेली गोष्ट. हा अर्थ मोठ्यांनी दिलेला आहे. मुलींना संसाराची जाण नसते, हे भाषेला ठाऊक होते. तरीही त्याच मुलींवर समाजाने संसार लादला. एकाच शब्दात समाजाची कबुली आणि त्याचा दुटप्पीपणा दोन्ही नोंदले गेले आहेत.

९/ ही गोष्ट केवळ भूतकाळाची नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील २० ते २४ वयोगटातील सुमारे २२ टक्के स्त्रियांचा विवाह १८ वर्षांपूर्वी झाला होता.

१०/ मातीच्या संसाराची एक मुभा असते. दिवेलागणीला आईने हाक मारली की चूल मोडायची, हात धुवायचे आणि घरी जायचे. त्या मुलींना ही हाक पुन्हा ऐकू आली नाही. म्हणून 'भातुकली' हा शब्द हलक्या अर्थाने वापरण्यापूर्वी क्षणभर थांबावे, एवढेच.