नव्वद मुले आणि एक अहवाल : जर्मन २९५व्या डिव्हिजनविषयी

डिव्हिजन ही वस्तू आधी कागदावर जन्मते आणि बहुधा कागदावरच मरते. फेब्रुवारी १९४० मध्ये जर्मन लष्कराने भरतीच्या आठव्या ‘लाटे’त ज्या पायदळ डिव्हिजन उभ्या केल्या, त्यांपैकी २९५ क्रमांकाची ही एक. (‘लाट’ हा शब्द त्यांच्या दप्तराचाच, माणसांच्या भरतीला समुद्राची उपमा देण्याचा मोह कारकुनांनाही आवरत नाही.) हानोव्हरच्या लष्करी मंडळात तिची जुळवाजुळव झाली. ५१६, ५१७ व ५१८ या पायदळाच्या तीन रेजिमेंटा, तोफखान्याची एक, शिवाय सुरुंग-पूल करणारे, तारायंत्रवाले, दवाखाना, भटारखाना, दोन पंथांचे दोन धर्मगुरू, असा तिचा पसारा. जर्मन सैन्याच्या यांत्रिक वेगाची दंतकथा मनात ठेवून जो या डिव्हिजनांकडे पाहील, त्याला प्रथम घोडेच दिसतील. पहिल्या लाटेच्या डिव्हिजनमध्ये सतरा हजारांहून अधिक माणसे आणि पाच हजारांच्या आसपास घोडे असत. पुढच्या लाटांना साधनसामग्री बेताचीच मिळे. जून १९४१ मध्ये दक्षिण सेनासमूहाबरोबर सोव्हिएत युक्रेनात शिरलेले हे सैन्य बव्हंशी पायी चालत गेले.

युद्धानंतर पश्चिम जर्मनीत अशा डिव्हिजनांच्या इतिहासांचे एक स्वतंत्र वाङ्मयच निर्माण झाले. जुने सैनिक एकत्र येत, नकाशे जमवीत, मृतांच्या याद्या करीत, आणि एक जाडजूड ग्रंथ सिद्ध होई. नद्या, गावे, चिखल, थंडी, पदके, पडलेले सोबती. आपल्याकडच्या बखरींची आठवण व्हावी असा हा प्रकार. फरक इतकाच की बखरकाराला धन्याची आज्ञा असे, येथे आज्ञा सोबत्यांची. या ग्रंथांना आम्ही खोटे म्हणणार नाही. त्यांत जे सांगितलेले असते ते पुष्कळदा खरेच असते. पण वाटेवरच्या गावांत कोण राहत होते आणि त्यांचे पुढे काय झाले, हा प्रश्न त्या कथनाच्या चौकटीत बसत नाही. २९५व्या डिव्हिजनच्या वाटेवर मात्र असे एक गाव आहे की जेथे हा प्रश्न खुद्द डिव्हिजनच्याच कागदावर उमटला. तो कागद साहित्याच्या विद्यार्थ्यांनी वाचावा, असे आम्हांस फार दिवसांपासून वाटत आले आहे.

गावाचे नाव बीला त्सेर्कवा, म्हणजे ‘पांढरे देऊळ’. कीव्हच्या दक्षिणेस सत्तर-ऐंशी किलोमीटरांवर. ऑगस्ट १९४१ मध्ये डिव्हिजनचे मुख्यालय तेथे होते. त्याच सुमारास ‘झोंडरकमांडो ४अ’ या एसएसच्या पथकाची एक तुकडी, हेफ्नर नावाच्या अधिकाऱ्याच्या हाताखाली, गावातल्या प्रौढ ज्यू स्त्री-पुरुषांना गोळ्या घालीत होती. बळी पडलेल्यांची मुले गावाच्या कडेच्या एका घरात कोंडून ठेवली होती. १९ ऑगस्टला त्यांतली काही मालमोटारींतून नेऊन मारण्यात आली. उरली सुमारे नव्वद. काही तान्ही, मोठ्यांतली मोठी सहा-सात वर्षांची. रात्रभर ती रडत होती. शेजारी मुक्काम केलेल्या सैनिकांना झोप येईना. २० तारखेला त्यांनी ही गोष्ट लष्करी इस्पितळाच्या दोन धर्मगुरूंच्या कानांवर घातली.

त्या दोघांनी, विल्चेक आणि टेवेस यांनी, स्वतः जाऊन पाहिले आणि डिव्हिजनच्या दोन धर्मगुरूंना, रॉइस आणि कोर्नमान यांना, कळविले. त्यांनीही पाहिले. मग चौघांचे लेखी निवेदन डिव्हिजनच्या मुख्यालयात पोहोचले. खोल्यांत घाण, पाणी नाही, अन्न नाही, माश्या. काही मुले भिंतीचा गिलावा खरवडून खात होती. सैनिकांत, विशेषतः ज्यांना घरी मुले आहेत अशांत, संताप आहे हेही त्यांनी नोंदविले.

निवेदन ज्याच्या हाती पडले तो लेफ्टनंट कर्नल हेल्मुट ग्रोस्कुर्ट. डिव्हिजनच्या मुख्यालयात तो पहिला स्टाफ अधिकारी होता. मोहिमांचे आदेश आणि डिव्हिजनची युद्धरोजनिशी याच खात्याकडे असे. ग्रोस्कुर्टचा पूर्वेतिहास साधा नव्हता. १८९८ चा जन्म, पहिल्या महायुद्धातला सैनिक, नंतर लष्करी हेरखात्यात. आणि १९३८ पासून हिटलरला पदच्युत करू पाहणाऱ्या अधिकाऱ्यांच्या वर्तुळात त्याची ऊठबस. पोलंडमधील अत्याचारांची माहिती त्याने पश्चिम आघाडीवरच्या सेनापतींपर्यंत पोहोचविण्याची खटपट केली होती. राजधानीतून त्याला दूर करण्यात आले, आणि फिरत फिरत तो या घोडेवाल्या डिव्हिजनमध्ये आला.

ग्रोस्कुर्ट स्वतः त्या घरी गेला. गावाच्या जर्मन कमांडंटला भेटला. हे बेणे नष्ट झालेच पाहिजे, असे त्या गृहस्थाचे म्हणणे पडले. ग्रोस्कुर्टने सेनासमूहाशी संपर्क साधला. तेथून त्याला ६व्या आर्मीकडे जाण्यास सांगण्यात आले. आर्मीचा निर्णय येईपर्यंत त्याने हत्या थांबवून धरली. मुलांना पाणी आणि पाव मिळाला. साऱ्या प्रकरणात जे काही झाले ते एवढेच, असे एका अर्थी म्हणता येईल. पण हेही विसरता येत नाही की एक पायदळी कर्नल एसएसच्या मालमोटारी थांबवू शकला, आणि त्यासाठी त्याला कोणी गोळी घातली नाही.

२१ ऑगस्टला बैठक झाली. झोंडरकमांडोचा प्रमुख पाउल ब्लोबेल आला. आर्मीचा एक कॅप्टन आला. कमांडंट आणि हेफ्नर होतेच. कॅप्टनने ऐकविले की आपणही प्रॉटेस्टंट ख्रिस्तीच आहोत, पण धर्मगुरूंनी सैनिकांच्या आत्म्याची काळजी वाहिलेली बरी. मग कळले की आर्मीचा सरसेनापती फील्डमार्शल फॉन राइखेनाउ याने निर्णय दिला आहे: सुरू केलेली कारवाई तडीस न्यावी. दुसऱ्या दिवशी, २२ ऑगस्टला, मुलांना गावाबाहेर नेण्यात आले. गोळ्या घालण्याचे काम युक्रेनी मिलिशियावर सोपविण्यात आले.

बैठक झाली त्याच दिवशी ग्रोस्कुर्टने राइखेनाउला अहवाल लिहिला. तो वाचताना पहिली जी गोष्ट जाणवते ती त्याची शिस्त. वेळा आहेत, हुद्दे आहेत, कोण कोणास काय म्हणाले ते आहे. एका वाक्यात मात्र लेखणी घसरते, की जाणूनबुजून तेथे नेली जाते? स्त्रिया आणि मुले यांच्याविरुद्ध जे उपाय योजले गेले ते शत्रूच्या ज्या क्रौर्याच्या कथा सैन्याला सतत सांगितल्या जातात त्यांहून कोणत्याही प्रकारे वेगळे नाहीत, अशा आशयाचे ते वाक्य. १९४१ च्या ऑगस्टमध्ये, वरिष्ठांकडे जाणाऱ्या अधिकृत कागदावर, हे लिहायला धैर्य लागले असले पाहिजे.

आणि मग तो भाग येतो ज्यापाशी आम्ही दरवेळी अडखळतो. ग्रोस्कुर्ट लिहितो, गावातल्या सर्व ज्यूंना मारल्यावर त्यांच्या मुलांनाही, विशेषतः तान्ह्यांना, दूर करणे अपरिहार्यच झाले. हे आईबापांबरोबरच तत्काळ व्हायला हवे होते, म्हणजे ही अमानुष यातना टळली असती. अमानुष हे विशेषण येथे हत्येला लागलेले नाही. ते दिरंगाईला लागले आहे.

हे कसे वाचावे? एक वाचन असे, की हा डावपेच आहे. राइखेनाउ काय ऐकेल आणि काय ऐकणार नाही हे ग्रोस्कुर्ट जाणतो. दयेचा युक्तिवाद तेथे चालणार नाही, म्हणून तो शिस्तीचा, गाजावाजाचा, घरी जाणाऱ्या पत्रांचा युक्तिवाद पुढे करतो. दुसरे वाचन कठोर आहे: ग्रोस्कुर्टची चीड मुलांच्या यातनेविषयी खरी होती, पण त्यांच्या आईबापांचा मृत्यू त्याने आधीच जमेस धरला होता. अभ्यासकांनी दोन्ही बाजूंनी लिहिले आहे. आमचे मत असे की या दोहोंतून एक निवडण्याची मुभा तो कागदच देत नाही. माणूस जी भाषा डावपेच म्हणून वापरतो ती त्याला सोडून वेगळी राहत नाही. आक्षेप घ्यायचा तर आधी आक्षेपार्ह गोष्टीचे गृहीतक मान्य करायचे, ही त्या कार्यालयीन भाषेची अट होती; ग्रोस्कुर्टने ती अट पाळली आणि अर्धा युक्तिवाद तेथेच हरला.

मराठी वाचकाला ही भाषा परकी वाटू नये. ‘कार्यवाही करण्यात आली’, ‘अतिक्रमण हटविण्यात आले’ ही वाक्ये आपण रोज वाचतो. त्या वाक्यातून कर्ता कोठे गेला, हे विचारण्याची सवय शाळेतल्या व्याकरणाच्या तासानंतर आपल्याला राहत नाही. वर आम्हीही ‘मुलांना गावाबाहेर नेण्यात आले’ असेच लिहून गेलो आहोत. ते पुसून टाकावे असे वाटले, पण ठेवले आहे. ग्रोस्कुर्टच्या कागदाचे मोल असे की कर्ते त्यात बऱ्याच ठिकाणी आहेत, नावानिशी आणि हुद्द्यानिशी. सत्तावीस वर्षांनी खटल्यात ते उपयोगी पडले. नावे नाहीत ती मुलांची. निवेदनातही नाहीत, अहवालातही नाहीत.

राइखेनाउचे उत्तर २६ ऑगस्टचे आहे, आणि वाङ्मयीन दृष्ट्या ते आपल्या परीने चोख आहे. त्याला हत्येविषयी काहीच म्हणायचे नाही. त्याचा राग वाक्यावर आहे. शत्रूशी केलेली ती तुलना चुकीची, अनुचित आणि अत्यंत उर्मट आहे. शिवाय ती अनेकांच्या हातांतून जाणाऱ्या उघड्या कागदावर आहे. अहवाल मुळात लिहिलाच नसता तर बरे झाले असते. ब्लोबेलच्या पथकाने त्यानंतर महिन्याभराने, २९ आणि ३० सप्टेंबरला, कीव्हच्या बाबी यार खोऱ्यात त्यांच्याच हिशेबाप्रमाणे ३३,७७१ माणसे मारली. तेव्हा सैन्याकडून असा अहवाल आला नाही. १० ऑक्टोबरला राइखेनाउने पूर्वेतील सैन्याच्या वर्तनाविषयीचा आपला कुप्रसिद्ध आदेश काढला. त्यात सैनिकाने या ‘शिक्षे’ची आवश्यकता पुरती समजून घ्यावी असे बजावलेले आहे.

डिव्हिजन पुढे चालत राहिली. १९४२ च्या सप्टेंबरात ती स्टालिनग्राडमध्ये ममायेव कुर्गान या टेकडीवर भिडली. नकाशावर ‘१०२’ असा उंचीचा आकडा असलेली ही टेकडी कितीदा हातची गेली आणि हाती आली, याची वर्णने दोन्ही बाजूंच्या पुस्तकांत पुष्कळ आहेत. ती येथे सांगत बसत नाही. वासिली ग्रॉसमन तेव्हा बातमीदार म्हणून त्या शहरात होता. (ग्रोस्कुर्ट आणि ग्रॉसमन, नावांच्या सारखेपणात अर्थ शोधू नये.) त्याची आई सप्टेंबर १९४१ मध्ये बेर्दीचिव्हला, म्हणजे बीला त्सेर्कवाहून फार दूर नसलेल्या गावी, याच मोहिमेत मारली गेली होती. १९६७ मध्ये त्या टेकडीवर जे प्रचंड स्मारक उभे राहिले, त्याच्या भिंतीवर ग्रॉसमनच्या स्टालिनग्राडवरील एका लेखातले शब्द कोरले गेले, लेखकाचे नाव न देता. त्याची ‘जीवन आणि नियती’ ही कादंबरी १९६१ मध्येच जप्त झाली होती. ती छापली गेली १९८० मध्ये, स्वित्झर्लंडात, त्याच्या मृत्यूनंतर सोळा वर्षांनी. तेव्हा कर्ता गाळण्याची विद्या एकाच लष्कराची नव्हती.

स्टालिनग्राडच्या वेढ्यात डिव्हिजनचा शेवटचा सेनापती होता डॉ. ओट्टो कोरफेस, आणि तो व्यवसायाने इतिहासकार होता. दोन युद्धांच्या मधल्या काळात त्याने पोट्सडामच्या राइश्सआर्काइव्हमध्ये, म्हणजे राज्याच्या दप्तरखान्यात, पहिल्या महायुद्धाचा अधिकृत इतिहास लिहिणाऱ्या मंडळींत नोकरी केली होती. जानेवारी १९४३ च्या अखेरीस तो कैद झाला. कैदेत त्याने हिटलरविरोधी जर्मन अधिकाऱ्यांच्या संघात भाग घेतला. त्याच्या पत्नीचा भाऊ मेर्त्झ फॉन क्विर्नहाइम याला २० जुलै १९४४ च्या रात्री श्टाउफेनबेर्गबरोबर गोळी घालण्यात आली. युद्धानंतर कोरफेस पूर्व जर्मनीत परतला आणि पोट्सडामच्या दप्तरखान्याचा प्रमुख झाला. डिव्हिजनचा क्रमांक मात्र वाया गेला नाही. १९४३ च्या वसंतात नॉर्वेत नवी माणसे गोळा करून २९५वी पायदळ डिव्हिजन पुन्हा उभी करण्यात आली. ती किनाऱ्यावर पहारा देत राहिली आणि १९४५ मध्ये तेथेच शरण गेली.

ग्रोस्कुर्ट १९४२ मध्येच डिव्हिजन सोडून ११व्या कोअरचा स्टाफप्रमुख झाला होता. जानेवारी १९४३ मध्ये त्याने वेढ्यातून विमानाने बाहेर पडू शकणाऱ्या एका मेजरला, वाल्डरझेला, जनरल बेक आणि जनरल ओल्ब्रिख्ट यांच्याकडे पाठविले. निरोप एवढाच की आता उठाव करा. उठाव झाला नाही. २ फेब्रुवारीला उत्तरेकडचा वेढा शरण गेला, आणि ७ एप्रिलला फ्रोलोव्होच्या युद्धकैदी छावणीत टायफसने ग्रोस्कुर्ट मेला.

ब्लोबेलला अमेरिकी न्यायालयाच्या शिक्षेनुसार १९५१ मध्ये लांड्सबेर्गला फाशी झाली. हेफ्नरवरचा खटला डार्मश्टाटला १९६८ मध्ये निकालात निघाला. तेथे रॉइस आणि टेवेस साक्षीला आले. दोघांनाही कॅथलिक चर्चमध्ये साहाय्यक बिशपचे पद लाभले. ग्रोस्कुर्टची रोजनिशी आणि तिच्याबरोबर बीला त्सेर्कवाचे कागद १९७० मध्ये पुस्तकरूपाने निघाले. १९९५ मध्ये हाम्बुर्गच्या समाजसंशोधन संस्थेने जर्मन लष्कराच्या गुन्ह्यांवर प्रदर्शन भरविले, तेव्हा ६व्या आर्मीचा स्वतंत्र विभाग केला होता, आणि जुन्या सैनिकांनी गावोगाव निदर्शने केली. प्रदर्शनातल्या काही छायाचित्रांच्या ओळी चुकीच्या निघाल्या, प्रदर्शन मागे घेऊन २००१ मध्ये नव्याने मांडावे लागले. २१ ऑगस्ट १९४१ च्या अहवालात दुरुस्ती करावी लागली नाही. त्यावर डिव्हिजनचा क्रमांक आहे, तारीख आहे, आणि खाली सही आहे.