पचनविकारांचे निदान, दुभत्या जनावरांतील

दुभत्या गाई-म्हशींच्या पचनसंस्थेतील बिघाड लक्षणे व तपासणीवरून ओळखण्याची पद्धती. चाऱ्यामुळे होणाऱ्या बिघाडाचे एक उदाहरण म्हणजे पालघर, बोईसर-तारापूर हा भातशेतीचा परिसर. भाताचा पेंढा हा तेथील नेहमीचा सुका चारा. त्यात प्रथिने कमी व सिलिका अधिक असल्याने केवळ पेंढ्यावर पोसलेल्या जनावराचे पचन मंदावते.

वैरणीतील अलीकडचा बदल, रवंथ, दूध व शेण यांची विचारपूस आधी करतात. डाव्या भकाळीत मूठ दाबून धरल्यास निरोगी जनावराचे कोटीपोट (पोटाचा पहिला कप्पा) दोन मिनिटांत साधारण २ ते ४ वेळा हललेले जाणवते. भकाळी ताणून फुगलेली व टिचकीला ढोलासारखी वाजत असल्यास पोटफुगी समजावी. तांदूळ, भात वा शिळे अन्न एकदम जास्त खाल्ल्यास आम्लता होते: कोटीपोटातील द्रवाचा सामू ५.५ च्या खाली उतरतो (एरवी सुमारे ६ ते ७), शेण पातळ व आंबूस होते.

पाठीची कमान, कण्हणे, उतार उतरताना कचरणे ही जाळीपोटात (पोटाच्या दुसऱ्या कप्प्यात) तार वा खिळा रुतल्याची लक्षणे होत. उकिरड्यावर चरणाऱ्या जनावरांत ही शंका, तसेच प्लास्टिक अडकल्याची शक्यता, आधी तपासतात. तीव्र पोटफुगीत श्वास कोंडून जनावर दगावू शकते. तेव्हा पशुवैद्यकास तातडीने बोलवावे.