१४ जानेवारी १९९४ : विद्यापीठाचा नामविस्तार

मराठवाडा विद्यापीठाच्या नावाआधी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव लागले ते या दिवशी. विधिमंडळाचा ठराव मात्र २७ जुलै १९७८चा. पाटी बदलायला साडेपंधरा वर्षे गेली. दरम्यान नामांतराला झालेल्या विरोधात गावोगावी दलित वस्त्या जळाल्या, टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळेंची हत्या झाली, १९९३मध्ये नांदेडात गौतम वाघमारेंनी नामांतरासाठी आत्मदहन केले. या मागणीची धग जिवंत ठेवली ती गल्लीतल्या कार्यकर्त्यांनी आणि ढोलकी-पेटी घेऊन फिरणाऱ्या गायकांनी. सभागृहातल्या भाषणांचे श्रेय त्यापुढे थोडेच.